सोमवारचा धर्म

रविवारीं सकाळीं ख्रिस्ती मंदिराची घंटा वाजते, माणसें स्वच्छ कपडे करून आंत जातात, गीतें होतात, शास्त्रपाठ होतो, पाळकाचें प्रवचन होतें आणि तास-दीड तासानें मंडळी बाहेर पडते. शहरांत राहणाऱ्या बहुतेक सुशिक्षित माणसांस ख्रिस्ती धर्माचा एवढाच भाग परिचयाचा असतो. नाताळांतील आकाशकंदील आणि शेजाऱ्यांकडून आलेलें फराळाचें ताट यांची फार तर त्यांत भर पडते. परंतु आठवड्याचे तास १६८. त्यांतले दीड तास मंदिराचे झाले. उरलेले तास कोणाचे? मी पाळक आहें आणि हा प्रश्न माझ्या मंडळीपुढें मला नेहमींच ठेवावा लागतो. आज, श्रोतेहो, तोच प्रश्न आपणांपुढें ठेवावयाचा आहे. प्रवचन करण्याचा माझा हेतु नाहीं, आणि कोणास आपल्या धर्मांतून माझ्या धर्मांत बोलवावयाचें तर मुळींच नाहीं. ख्रिस्ती मनुष्य ज्याला विश्वास म्हणतो, तो रोजच्या व्यवहारांत कोठें दिसावयास हवा, आणि तो तेथें दिसत नसेल तर काय बिघडतें, एवढेंच समजावून सांगण्याचा विचार आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. नवा करार मूळ ग्रीक भाषेंत लिहिला गेला. विश्वासासाठीं त्यांत जो शब्द येतो तो ‘पिस्तिस’. या शब्दाला दोन अंगें आहेत. भरंवसा ठेवणें हें एक, आणि भरंवसा ठेवण्याजोगें असणें हें दुसरें. मराठींतही ‘विश्वास’ आणि ‘विश्वासू’ हे शब्द एकाच घरचे आहेत. परंतु आपण पहिला शब्द देवघरांत ठेवला आणि दुसरा नोकराच्या शिफारसपत्रांत. वास्तविक हीं दोन्ही अंगें एकत्र असल्यावांचून शब्द पुरा होत नाहीं. जो देवावर भरंवसा ठेवतो असें म्हणतो, परंतु ज्याच्यावर वाणी, शेजारी, भाडेकरू किंवा स्वतःची पत्नी भरंवसा ठेवूं शकत नाहीं, त्याच्याजवळ अर्धाच शब्द आहे.

यावर ख्रिस्ती धर्मांतच एक जुना वाद आहे, तो थोडक्यांत सांगितला पाहिजे. १५१७ पासून मार्टिन लूथरनें असें प्रतिपादन केलें कीं, मनुष्याचें तारण त्याच्या पुण्यकृत्यांच्या मोबदल्यांत मिळत नाहीं. तें देवाची कृपा म्हणून मिळतें आणि विश्वासानें घ्यावयाचें असतें. नव्या करारांत याकोबाचें म्हणून एक पत्र आहे. कृतीवांचूनचा विश्वास हा प्राणावांचूनच्या देहासारखा आहे, असा त्याचा आशय. १५२२ साली लूथरनें हें पत्र इतर पत्रांच्या तुलनेनें हलकें ठरविलें. यावरून कित्येकांचा असा समज झाला कीं, विश्वास ठेवणारास आचरणाची चिंता नको. परंतु याच लूथरनें १५२० साली लिहिलें होतें कीं, चांभार, लोहार आणि शेतकरी हे आपापलें काम करीत असतांही धर्मगुरूइतकेच देवाला वाहिलेले असतात. म्हणजे कृति नको असें त्याचें म्हणणें नव्हतें; कृति ही किंमत नव्हे, फळ आहे, असें त्याचें म्हणणें होतें. आंब्याचें झाड फळें देऊन आंबेपण विकत घेत नाहीं. तें आंबा असतें म्हणून त्याला आंबे लागतात. मात्र वर्षानुवर्षें त्याला बाभळीच्याच शेंगा लागत राहिल्या, तर मालकानें आपलें झाड कोणतें हें पुन्हा एकदां तपासून पाहावें, इतकेंच याकोब सांगतो. दोघांचें भांडण आपण समजतों तितकें मोठें नाहीं.

आतां हें फळ कोठें शोधावयाचें? येशूनें सांगितलेल्या दोन प्रसंगांकडे, किंवा अधिक नेमकें बोलावयाचें तर एका दृष्टान्ताकडे आणि एका प्रसंगाकडे आपलें लक्ष वेधतों.

यरुशलेमहून यरिहोस जाणारी वाट सुमारें २५ किलोमीटरांची आहे आणि तेवढ्यांत ती जवळजवळ १००० मीटर खालीं उतरते. वाट उजाड, वळणांची आणि चोरट्यांस सोयीची. तिच्यावर एका वाटसरूस लुटारूंनीं मारून अर्धमेला टाकलें. मंदिरांतला याजक तेथून गेला, मंदिराचा दुसरा सेवक गेला. दोघेही बाजूनें निघून गेले. मग एक शोमरोनी आला. यहुदी लोक या जातीच्या माणसांशीं व्यवहारही ठेवीत नसत. त्यानें काय केलें, हें सांगतांना हा दृष्टान्त एखाद्या खर्चाच्या वहीसारखा तपशीलवार होतो. त्यानें जखमांवर तेल ओतलें, द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेंत नेलें, रात्रभर शुश्रूषा केली, सकाळीं मालकाच्या हातीं दोन दीनार ठेवले आणि अधिक लागल्यास परत येतांना देण्याचें कबूल केलें. दीनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. शोमरोन्याच्या श्रद्धेविषयीं, त्याच्या प्रार्थनेविषयीं दृष्टान्तांत एक अक्षर नाहीं. तेल, पट्ट्या, जनावर, खोलीभाडें आणि दोन दिवसांची मजुरी, एवढाच त्याच्या धर्माचा पुरावा आहे. माझ्या व्यवसायाच्या माणसांनीं विसरूं नये अशी आणखीही एक गोष्ट त्यांत आहे. बाजूनें निघून गेलेले दोघेही मंदिराचे पगारी सेवक होते.

दुसरा प्रसंग त्याच यरिहोंतला. जक्कय हा जकातदारांचा मुख्य. रोमी सत्तेसाठीं कर वसूल करावा आणि मधल्यामधें आपलें घर भरावें, असा या धंद्याचा लौकिक होता. येशू त्याच्या घरीं पाहुणा म्हणून गेला. जक्कयाचें मन पालटलें. पण तें पालटलें हें ओळखलें कशावरून? त्यानें अश्रू गाळल्याचा उल्लेख नाहीं. त्यानें उभें राहून हिशेब सांगितला. निम्मी मालमत्ता गरिबांस, आणि ज्याचें अन्यायानें घेतलें त्यास चौपट परत. पश्चात्तापाला आंकडा असतो, हें या प्रसंगाचें मर्म आहे. ज्याची लुबाडणूक केली त्याच्या पदरांत कांहींच परत पडलें नाहीं, तर देवापुढें केलेली क्षमायाचना ही देवाशीं परस्पर केलेली तडजोड होते. जो खरा धनको, तो दाराबाहेरच उभा राहतो.

आतां आपल्या घरांत येऊं. इस्राएल लोकांच्या जुन्या नियमशास्त्रांत असा एक नियम आहे कीं, मजुराची मजुरी त्याच दिवशीं, सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावी. कारण तो गरीब असतो आणि त्याचें लक्ष त्या पैशांकडे लागलेलें असतें. धर्मशास्त्रांत मजुराच्या मनांतल्या धाकधुकीची नोंद असावी, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आपल्या घरीं भांडीं घासणारी, मुलें संभाळणारी, आजारी वडिलांस आंघोळ घालणारी बाई महिन्याच्या १ तारखेस येते आणि आपण तिला ५ तारखेवर ढकलतों. सुट्टे नाहींत, साहेब बाहेर गेले आहेत, उद्यां पाहूं. आपल्याला तो विसर असतो; तिला तें खोलीभाडें असतें, मुलाची फी असते, दुकानदाराची उधारी असते. त्या चार दिवसांत तिच्या घरीं जें घडतें त्याचा कर्ता आपण असतों, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. ख्रिस्ती गृहस्थानें अशा वेळीं आपल्या श्रद्धेची परीक्षा प्रार्थनेच्या लांबीनें करूं नये, तारखेनें करावी.

विश्रांतिवाराच्या आज्ञेचेंही असेंच आहे. सहा दिवस काम करावें, सातवा देवाचा, ही आज्ञा सर्वांस ठाऊक असते. परंतु तिच्या पोटांत कोणाकोणाचीं नांवें आहेत तें बहुधा लक्षांत राहत नाहीं. त्या आज्ञेंत पुत्र आणि कन्या आहेत, दास आणि दासी आहेत, बैल आणि गाढव आहेत, आणि आपल्या वेशींत राहणारा परदेशीही आहे. ज्यांना स्वतःहून सुट्टी मागतां येत नाहीं, त्यांच्यासाठीं ती आज्ञा आहे. घरच्या मालकानें रविवारीं मंदिरांत जावें आणि तो परत येईपर्यंत मोलकरणीनें पाहुण्यांचा स्वयंपाक तयार ठेवावा, अशी घरची व्यवस्था असेल, तर त्या घरांत आज्ञा पाळली गेली कीं मोडली गेली? आठवड्याची पगारी सुट्टी ही दया नव्हे. ज्या दिवशीं आपण देवाचें नांव घेतों, त्या दिवशीं ती तिची हक्काची वस्तु आहे.

पैशानंतर वाणी. सतराव्या शतकांत इंग्लंडांत जॉर्ज फॉक्स याच्याभोंवतीं एक पंथ निर्माण झाला. हे लोक स्वतःस ‘मित्र’ म्हणवीत. लोक त्यांना क्वेकर म्हणत. त्या काळीं बाजारांत दुकानदारानें दुप्पट सांगावें, गिऱ्हाइकानें निम्म्यानें मागावें आणि दोघांनीं मध्यें कोठेंतरी थांबावें, अशी रीत होती. आपणांसही ती परकी नाहीं. क्वेकर म्हणाले, जी किंमत आपण घेणार नाहीं ती सांगणें हें खोटें बोलणें आहे. त्यांनीं एकच भाव सांगण्यास आरंभ केला. पहिल्यानें गिऱ्हाइकें बिथरलीं. पण पुढें लहान मूल पाठविलें तरी तें फसणार नाहीं असा त्यांच्या दुकानांचा लौकिक झाला. याच विचारानें ते न्यायालयांत शपथ घेत नसत. शपथेवर सांगितलेलें तेवढें खरें, असें मानलें तर शपथेवांचून बोललेलें काय, असा त्यांचा साधा प्रश्न होता. या हट्टासाठीं पुष्कळांनीं तुरुंग भोगला. अखेर इंग्लंडच्या कायद्यानें त्यांस शपथेऐवजीं प्रतिज्ञेवर सांगण्याची मोकळीक दिली. भारतांत १९६९ च्या शपथविषयक कायद्यांतही ही मोकळीक आहे. न्यायालयांत ईश्वराचें नांव न घेतां सत्य सांगण्याची ही सोय नास्तिकांनाही उपयोगी पडते. तिच्यामागें मात्र एका ईश्वरनिष्ठ पंथाचा हट्ट आहे.

वाणीनंतर लेखणी. सुशिक्षित घरांतील माणसें हातानें पाप क्वचित् करतात. तीं लेखणीनें करतात. या संबंधांत जॉन वुलमन याचें चरित्र मला फार बोधप्रद वाटतें. हाही क्वेकर. १७२० साली अमेरिकेंत, न्यू जर्सीच्या वसाहतींत त्याचा जन्म झाला. तरुणपणीं तो एका दुकानांत कारकून होता. मालकानें आपली एक नीग्रो दासी विकली आणि वुलमनला खरेदीखत लिहावयास सांगितलें. घेणारा समोर बसला होता. तोही त्याच पंथाचा एक वृद्ध गृहस्थ. वुलमनला तें खत लिहिणें अत्यंत जड गेलें. त्यानें तें लिहिलें. परंतु मालकास आणि घेणारास तोंडावर सांगितलें कीं, माणसांस गुलाम करून ठेवणें हें ख्रिस्ती धर्माशीं जुळत नाहीं. पुढें दुसऱ्या एकानें असेंच खत लिहावयास सांगितलें तेव्हां त्यानें साफ नकार दिला.

या माणसाचें पुढचें वर्तन पाहण्यासारखें आहे. त्याचें स्वतःचें दुकान फार वाढूं लागलें, तेव्हां मनावर व्यापाराचा भार नको म्हणून त्यानें तें आटोपतें घेतलें आणि शिंपीकाम करून पोट भरूं लागला. गुलाम बाळगणाऱ्या आपल्याच पंथबंधूंच्या घरोघरीं तो जाई, त्यांच्याशीं शांतपणें बोले. आणि त्यांच्या घरीं मुक्काम पडला तर ज्या दासांनीं आपली सेवा केली त्यांची मजुरी देऊन निघे. यजमानाचा अपमान करण्याचा त्याचा हेतु नसे. परंतु फुकट घेतलेल्या सेवेंत भागीदार होण्यास तो तयार नसे. १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनें गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांविरुद्ध पाऊल उचललें. १७७२ साली वुलमन इंग्लंडांत देवीच्या रोगानें वारला. १७७६ साली त्या सभेनें गुलाम बाळगणाऱ्यास पंथांत जागा नाहीं असें ठरविलें. अमेरिकेच्या संघराज्यानें तीच गोष्ट कायद्यानें सर्वांवर बंधनकारक केली ती १८६५ साली. एका दुकानांतल्या कारकुनाला एक कागद लिहितांना जी अस्वस्थता वाटली, तिचा या इतिहासांत खराखुरा वांटा आहे. आपल्यांतील कित्येकांपुढें रोज असे कागद येतात. खोटी पावती, मागील तारखेचा दाखला, न मोजलेल्या कामाचें मोजमाप, न वाचलेला अहवाल. सही करणारा हात आपला असतो.

आतां एका नाजुक विषयाकडे वळतों. ख्रिस्ती उपासनेंत प्रभुभोजनाचा विधि असतो. एकच भाकर मोडून सर्वांनीं खावी आणि एकाच द्राक्षारसाचे वांटेकरी व्हावें, हा त्याचा गाभा. कोण कोणत्या जातींतून आला हें त्या मेजापाशीं विचारावयाचें नाहीं. असें असूनही या देशांतील मंडळ्यांत जातिभेद शिरला. कांहीं ठिकाणीं बसण्याच्या जागा वेगळ्या राहिल्या, कांहीं ठिकाणीं दफनभूमीसुद्धां. हें झांकून ठेवण्यांत धर्माची सेवा नाहीं. परंतु हा भेद मोडण्याचें काम कायद्यापेक्षांही स्वयंपाकघरांत अधिक कठीण असतें, आणि तें कसें होतें हें पाहावयाचें तर मराठी वाचकांच्या घरांतच एक पुस्तक आहे: लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढें पतीकडे आल्या, तरी आपलें सोंवळें त्यांनीं सोडलें नव्हतें. हा भेद देवानें केला कीं माणसांनीं, असा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला. आणि तो माणसांनींच केला आहे असा निश्चय झाल्यावर त्या कोणाच्याही हातचें खाऊं-पिऊं लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. क्रम पाहा. विधि मागून झाला. पाणी आधीं प्यालें गेलें. ज्या ख्रिस्ती घरांत, किंवा कोणत्याही घरांत, आज कामवाल्या बाईचा पेला वेगळ्या फळीवर ठेवलेला असतो, त्या घराला लक्ष्मीबाईंचा हा क्रम बरेंच कांहीं शिकवूं शकेल. रविवारीं एका भाकरीचे वांटेकरी होणारे लोक सोमवारीं दोन फळ्यांवर दोन पेले ठेवीत असतील, तर त्यांनीं रविवारीं नेमकें काय केलें, हें सांगणें मला पाळक म्हणून कठीण जातें.

घरांतला दुसरा प्रश्न क्षमेचा. ख्रिस्ती माणसानें क्षमा करावी, पुन्हा पुन्हा करावी, हें येशूच्या शिकवणीचें एक मुख्य सूत्र आहे. भावाभावांत वांटणीवरून अबोला धरलेला असतो, आईच्या आजारपणांतही एक भाऊ दुसऱ्याच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवीत नाहीं. तेथें ही शिकवण मोलाची आहे. कोणीतरी आधीं दार ठोठावलें पाहिजे, आणि विश्वास ठेवतों असें म्हणणारानें तें ठोठावावें. परंतु याच शिकवणीचा एक दुरुपयोगही होतो. नवरा मारतो म्हणून एखादी स्त्री घर सोडून येते, आणि धर्माचीं माणसें तिला क्षमेचा उपदेश करून त्याच घरीं परत पोंचवितात. मला स्पष्ट सांगावेंसें वाटतें कीं, ही क्षमा नव्हे. क्षमा म्हणजे सूड सोडणें. मार खाण्यासाठीं जागेवर थांबणें नव्हे. जक्कयाला क्षमा मिळाली तेव्हां त्यानें चौपट परत केलें. ज्यानें कांहींच परत केलें नाहीं, हात उगारणेंही सोडलें नाहीं, त्याच्या वतीनें त्याच्या पत्नीजवळ क्षमा मागत फिरणें हें पाळकाचें काम नाहीं. आधीं तिला सुरक्षित जागा, वैद्य आणि वकील यांची सोय. मग समेटाची भाषा, आणि तीही तिची इच्छा असेल तर.

सुरक्षित जागा हा शब्द उच्चारतांच पंडिता रमाबाईंचें नांव घ्यावें लागतें. १८८३ साली इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ च्या मार्चमध्यें मुंबईस ‘शारदासदन’ उघडलें. पुढच्याच वर्षीं तें पुण्यास गेलें. तेथें मुलींवर धर्माचें वजन पडतें अशा शंकेनें १८९३ साली सल्लागार मंडळांतील सुधारक बाजूला झाले. हा वाद महाराष्ट्रास माहीत आहे. त्या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. परंतु त्या सदनांतल्या अगदीं आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई या बालविधवा होत्या. त्या हिंदूच राहिल्या, १८९३ साली त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला, आणि आनंदीबाई कर्वे म्हणून त्यांनीं महर्षींच्या कार्यांत आयुष्य वेंचलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें ३०० मुली व स्त्रिया त्यांनीं आपल्याबरोबर आणल्या. पुण्याजवळ केडगांवीं मुक्तिसदन उभें राहिलें. तेथें प्रार्थना होती. आणि प्रार्थनेइतकेच हातमाग होते, तेलघाणा होता, शेत होतें, गाई होत्या, छापखाना होता. रमाबाईंनीं स्वतः केलेलें पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर याच छापखान्यांत, तेथील स्त्रियांच्या हातांनीं छापलें गेलें. १९२२ साली रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. टाकलेल्या बाईला दया दाखविणें सोपें. तिच्या हातांत खिळे जुळविण्याची विद्या देणें, म्हणजे तिला दयेची गरजच उरूं नये असें करणें, हें कठीण. विश्वास रोजच्या जीवनांत उतरला म्हणजे तो असा हातमागावर आणि खिळ्यांच्या पेटींत दिसूं लागतो.

आपल्या जवळच्या काळांतलें उदाहरण वसईचें. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरु. विसाव्या शतकाच्या अखेरीस वसईच्या बागायतीवर आणि विहिरींच्या पाण्यावर संकट आलें, तेव्हां ते लोकांबरोबर उभे राहिले. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते अनेक वर्षें संपादक होते. पवित्र शास्त्राचा ‘सुबोध बायबल’ हा मराठी अनुवादही त्यांचा. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि २०२४ च्या जुलैमध्यें वारले. शेजाऱ्याची विहीर आटणें हाही धर्माचा विषय आहे, हें त्यांनीं शब्दांपेक्षां वर्तनानें अधिक सांगितलें.

येथें दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, हीं सर्व कामें ख्रिस्ती नसलेलीं माणसेंही करतात. मग यांत ख्रिस्ती तें काय? आक्षेप खरा आहे आणि त्याचें उत्तर यरिहोच्या वाटेवरच आहे. तेथें धर्म ज्यानें पाळला तो परका होता. आपल्या मराठी मुलुखांत सांवता माळी मळ्यांत, गोरोबा चाकावर आणि जनाबाई जात्यावर देवाला भेटत होतीं. आपण तुकोबांच्या वाटेनें ख्रिस्ताकडे आलों, असें टिळक मानीत. सुमारें पंधरा वर्षें पॅरिसच्या एका मठाच्या स्वयंपाकघरांत राबलेला लॉरेन्स नांवाचा साधा ब्रदर, जो १६९१ साली वारला, तोही याच पंक्तींत शोभतो. कढई चुलीवर असतांना आणि मंदिरांत गुडघे टेकले असतांना देवाचें सान्निध्य सारखेंच, ही त्याची धारणा होती. ख्रिस्ती माणसाला या पंक्तींत कोणापुढें बसण्याचा हक्क नाहीं; पंक्तींत बसण्याचें कर्तव्य मात्र आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. असें वागणारा मनुष्य संसारांत टिकेल काय? कधीं कधीं टिकणार नाहीं. एक भाव सांगणाऱ्याचें गिऱ्हाईक प्रथम तुटतें. सही न करणाऱ्या कारकुनाची बढती राहते. पेले एकत्र ठेवणाऱ्या सुनेला सासूचे बोल ऐकावे लागतात. या तोट्याची भरपाई होईलच असें वचन मी देऊं शकत नाहीं, आणि जो पाळक तसें वचन देतो त्याच्यापासून सावध राहावें. क्रूस हें ज्या धर्माचें चिन्ह, त्यांत तोटा मुळीं अनपेक्षितच नाहीं. एवढें मात्र सांगतां येतें कीं, या तोट्याचा कांहीं भाग आज आपल्याऐवजीं दुसरें कोणी तरी सोसतच आहे: ५ तारखेपर्यंत थांबणारी बाई, खोट्या मोजमापाच्या रस्त्यावर पडणारा सायकलवाला, क्षमेच्या नांवाखालीं परत पाठविलेली लेक. त्यांच्या खांद्यावरचा भाग आपल्या खांद्यावर घेणें, यालाच ख्रिस्ती भाषेंत प्रीति म्हणतात.

अखेर, हें साधावें कसें? मोठ्या निश्चयांनीं नव्हे. जुन्या लोकांनीं लहान लहान रीति घालून दिल्या आहेत. सोळाव्या शतकांत इग्नेशियस लोयोला यानें रोज आत्मपरीक्षण करण्याची शिस्त आपल्या अनुयायांस लावली. निजण्यापूर्वीं पांच मिनिटें दिवस डोळ्यांपुढून न्यावा, आणि मी किती भला वागलों असें न विचारतां, आज माझ्यामुळें कोणाला थांबावें लागलें, असें विचारावें. घरच्या प्रार्थनेला सर्वांनीं एकत्र बसावें. बोलणें बंद असलेल्या दोघांनीं प्रार्थनेपूर्वीं एक तरी शब्द बोलावा. मिळकतीचा दशांश बाजूस काढण्याची जुनी रीत आहे. तो मंदिराच्या पेटींत टाकण्यापूर्वीं घरांत कोणाचें देणें राहिलें आहे काय तें पाहावें, कारण दुसऱ्याच्या मजुरींतून दिलेलें दान हें दान होत नाहीं. एवढें केलें तरी पुष्कळ झालें.

पाळकाला रविवारीं मंदिरांत किती माणसें होतीं हें मोजण्याची संवय असते. ती संख्या नोंदवहींत लिहावी. परंतु मंडळीची खरी मोजणी दुसरीकडे चाललेली असते. वाण्याच्या दुकानांत, कचेरीच्या मेजावर, मागल्या दारीं चहाचा पेला हातांत घेऊन बसलेल्या बाईच्या मनांत ती चालते. आणि ती मोजणारीं माणसें बहुधा आपल्या धर्माचींही नसतात. त्यांच्या हिशेबांत आपलें खातें सरळ असावें, एवढी प्रार्थना प्रत्येकानें आपापल्या देवापाशीं करावी, अशी विनंति करून आपली रजा घेतों.